विमाननिवड आणि आंतरराष्ट्रीय मार्गविस्तार

विमान कंपनीने कोणत्या जातीची विमाने, किती आणि कधी घ्यायची आणि ती कोणत्या परदेशी शहरांना लावायची, हे ठरवण्याची प्रक्रिया. हे दोन स्वतंत्र निर्णय वाटतात, पण मुळात निर्णय एकच आहे. त्याचे दोन भाग मात्र वेगवेगळ्या वर्षी घ्यावे लागतात आणि या धंद्यातली खरी जोखीम त्या मधल्या काळात दडलेली असते. मोठ्या विमानाची मागणी नोंदवल्यावर ते हाती यायला अनेक वर्षे जातात आणि त्यानंतर ते वीस-पंचवीस वर्षे उडते. मार्ग मात्र एखाद्या युद्धाने, तेलाच्या भावाने किंवा व्हिसाच्या बदललेल्या नियमाने सहा महिन्यांत कोलमडू शकतो.

हे समजून घ्यायला मुंबईहून सुटणाऱ्या उड्डाणांचा इतिहास पुरेसा आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेले. त्या काळच्या विमानाला भरल्या वजनाने एवढा पल्ला एका दमात झेपत नसे, शिवाय वाटेवरच्या शहरांतून प्रवासीही मिळत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि मुंबईचे विमान लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागले. मधले थांबे वगळून थेट पोहोचायला २००७ साल उजाडले, आणि त्या थेट उड्डाणाने एअर इंडियाला बरेच महागात पडणारे धडे दिले.

पल्ला आणि वजन

विमानाच्या माहितीपत्रकात पल्ला एका आकड्यात सांगितलेला असतो. नियोजन करणाऱ्यांना तो आकडा फारसा उपयोगी नाही. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : इतके प्रवासी, त्यांचे सामान आणि पोटात इतका माल घेऊन, मे महिन्याच्या दुपारी, या धावपट्टीवरून उठून, जानेवारीतला समोरचा वारा कापत हे विमान तिथवर पोहोचेल का? हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. विमानतळ उंचावर असेल तर तेच घडते. मग धावपट्टी लांब लागते, नाहीतर वजन कमी करावे लागते. वजन कमी करायचे म्हणजे इंधन, माल किंवा माणसे यांपैकी काहीतरी मागे ठेवायचे.

पुण्याचे लोहगाव हे याचे घरचे उदाहरण. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर, धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची आणि हवाई दलाच्या ताब्यातली. युरोपपर्यंतचे इंधन आणि भरलेल्या जागा घेऊन मोठ्या विमानाने तिथून उठणे अवघड. पण चाकण परिसरात जर्मन मोटार कंपन्या येत होत्या आणि पुणे–फ्रँकफुर्ट थेट जायला त्यांची माणसे चांगले भाडे मोजायला तयार होती. २००८ मध्ये जर्मन विमान कंपनी लुफ्तान्साने यावर नामी तोड काढली. लहान विमान घेतले, त्यात फक्त बिझनेस क्लासच्या मोजक्या खुर्च्या बसवल्या आणि ते प्रायव्हेटएअर या कंपनीकडून चालवून घेतले. माणसे कमी म्हणून वजन कमी, आणि माणशी उत्पन्न मात्र भरपूर. पुढे ही सेवा बंद झाली, तरी मार्गाच्या मापाने विमान बेतण्याचा इतका स्वच्छ नमुना भारतात दुसरा दाखवता येणार नाही.

उलट नमुना बोइंग ७७७-२००एलआरचा. एअर इंडियाने या शतकाच्या पहिल्या दशकात बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली, त्यात या जातीची आठ होती. आधीची योजना २८ विमानांची होती आणि ती फुगवून कर्जाच्या बळावर ६८ केली, यावर महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात कडक टीका केली. ऑगस्ट २००७ मध्ये याच जातीच्या विमानाने मुंबई–न्यूयॉर्क थेट सेवा सुरू झाली. विमान तांत्रिकदृष्ट्या अव्वल होते. अडचण हिशेबात होती. उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ३४७ टन आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले १४५ टन नुसते इंधन. शेवटच्या तासांत लागणारे इंधन पहिले दहा-बारा तास वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळते. एवढे करून एअर इंडियाच्या या विमानात जागा २३८. त्याच घराण्यातल्या ७७७-३००ईआरचे वजन जवळपास तेवढेच, पण जागा ३४२. त्यामुळे ३००ईआर जगभर आठशेहून अधिक विकले गेले आणि २००एलआर साठच्या आसपास थांबले.

तेल महाग झाले, तोटा वाढत गेला आणि २०१४ च्या सुमारास एअर इंडियाने आठांपैकी पाच विमाने अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकली. उरलेल्यांना पुढे त्यांचा खरा मार्ग सापडला. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आणि जानेवारी २०२१ मध्ये उत्तर ध्रुवाजवळून जाणारे बंगळूर–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण त्यांनीच केले. संगणक-उद्योगातले प्रवासी थेट उड्डाणासाठी जास्त पैसे द्यायला राजी होते. टाटा समूहाने जानेवारी २०२२ मध्ये कंपनी हाती घेतल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई–सॅन फ्रान्सिस्को सुरू झाले, आणि त्यासारख्या मार्गांसाठी अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने वापरातून काढलेली पाच २००एलआर विमाने भाडेपट्ट्याने आणावी लागली. विकली तीही पाच आणि आणली तीही पाच. विमान वाईट नव्हते, ते मार्गाच्या आधी येऊन बसले होते.

वेळापत्रक

सहारच्या विमानतळावर रात्री बारानंतर जी झुंबड उडते, ती पाहून अनेकांना वाटते की मुंबईला नाइलाजाने अपरात्रीच्या वेळा मिळाल्या असाव्यात. कारण दुसऱ्या टोकाला आहे. फ्रँकफुर्टचा विमानतळ रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणांसाठी बंद असतो. मुंबईहून उत्तररात्री निघालेले विमान तिथे सकाळी उतरते आणि प्रवाशाला अमेरिकेकडे जाणारी त्या दिवशीची विमाने गाठता येतात. तिकडून दुपारी सुटलेले विमान मुंबईत मध्यरात्रीच्या सुमारास पोहोचते. दोन तासांत सफाई, इंधन, जेवणाचे ट्रे, नवा कर्मचारीवर्ग, की तेच विमान परत फिरते. आजीला निरोप द्यायला आलेले अख्खे कुटुंब पहाटे दोनला गेटबाहेर उभे असते, ते या साखळीमुळे.

या साखळीतूनच विमानांची संख्या ठरते. मुंबई–लंडन जाणे-येणे सुमारे १९ तासांचे, दोन्हीकडचा थांबा धरून दिवसात बसते, म्हणून एका विमानात रोजची सेवा चालते. मुंबई–न्यूयॉर्क थेट केले तर जाता-येता तीस तासांवर जातात, म्हणजे रोजच्या एका उड्डाणासाठी दोन विमाने अडकतात. नवा मार्ग सुचवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो की विमान कुठून काढणार. लांबच्या मार्गाचा नफा म्हणूनच उड्डाणामागे मोजून भागत नाही, विमानाच्या दिवसामागे मोजावा लागतो.

परवानगी, स्लॉट आणि आकाश

विमान असले म्हणून कुठेही उतरता येत नाही. १९४४ च्या शिकागो करारापासून प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावर पूर्ण हक्क मानला जातो आणि दोन देशांतली नियमित सेवा द्विपक्षीय करारांवर चालते. भारत आणि अमेरिका यांच्यात २००५ पासून मोकळे आकाश आहे, तिथे फेऱ्यांवर मर्यादा नाही. दुबईशी मात्र आठवड्याला सुमारे ६५ हजार जागा एका बाजूच्या कंपन्यांना, अशी अट वर्षानुवर्षे आहे. आखाती कंपन्या भारतातला प्रवासी आपल्या तळावर नेऊन पुढे युरोप-अमेरिकेला पोहोचवतात. भारतीय कंपन्यांना तो प्रवासी थेट न्यायचा असेल, तर त्यांच्याकडे आधी मोठी विमाने हवीत, आणि ती दीर्घकाळ पुरेशी नव्हती. जागांच्या या ओढाताणीचे मूळ तिथे आहे.

देशातले नियमही आड येत. २००४ पासून पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने असल्याशिवाय भारतीय कंपनीला परदेशी उड्डाणे करता येत नसत. म्हणून २००६ मध्ये सुरू झालेली इंडिगो २०११ मध्ये पहिल्यांदा दुबईला गेली. पाच वर्षांची अट २०१६ मध्ये गेली.

गजबजलेल्या विमानतळावर उतरण्या-उठण्याची ठरावीक वेळ, म्हणजे स्लॉट, हे स्वतंत्र भांडवल आहे. एका हंगामात ८० टक्के वापरला नाही तर तो हातचा जातो. लंडनच्या हीथ्रोवर त्याला जमिनीसारखा भाव येतो. जेट एअरवेजने २०१३ मध्ये तिथल्या स्लॉटच्या तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरला विकल्या आणि आपली सेवा चालू ठेवायला त्याच परत भाड्याने घेतल्या. मुंबईतही हीच टंचाई आहे. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते.

आणि आकाश मिटू शकते. फिनलंडच्या फिनएअरने हेलसिंकी हे युरोपातून जपान-कोरियाला जायचे जवळचे दार म्हणून उभे केले, त्या मापाने एअरबस ए३५० घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाले आणि नऊ-साडेनऊ तासांचा टोकियो प्रवास बारा-तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा पडला आणि सप्टेंबरपासून एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवली. मुंबईहून अरबी समुद्रावरून निघणाऱ्या उड्डाणांना हा फटका त्या मानाने कमी बसतो, आणि आजच्या परिस्थितीत मुंबईची ही जमेची बाजू फार मोलाची आहे.

प्रवासी कोण, पोटात काय

मार्ग निवडताना पहिल्यांदा पाहतात की आजच किती माणसे तिसऱ्या शहरातून वळून तिथे जातात आणि किती भाडे देतात. नुसती संख्या फसवते. गोवा–लंडन मार्गावर पर्यटक आहेत, तसेच ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले हजारो गोंयकारही आहेत. ते नाताळला, लग्नकार्याला, घर दुरुस्तीला येतात. एअर इंडियाने लंडनच्या गॅटविक विमानतळाची आपली सेवा २०२३ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावरून मोपाच्या नव्या विमानतळावर नेली. असा प्रवासी भरवशाचा असतो, पण भाड्याच्या बाबतीत काटेकोर असतो आणि येतो हंगामात. बिझनेस क्लासचा प्रवासी वर्षभर येतो, पण मंदी आली की तोच आधी गायब होतो. विमानातल्या खुर्च्यांची मांडणी या अंदाजावर ठरते, आणि ती बदलायला विमान कित्येक आठवडे जमिनीवर ठेवावे लागते.

मालाकडे बाहेरच्यांचे लक्ष जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत वाशीच्या प्रक्रिया केंद्रातून हापूसच्या पेट्या निघतात. अमेरिकेसाठी विकिरण करून, इतर काही देशांसाठी उष्णजल किंवा बाष्पप्रक्रिया करून, शीतवाहनातून सहारला येतात आणि प्रवाशांच्या पायाखालच्या कप्प्यात चढतात. आंब्याला जहाजाचे दिवस परवडत नाहीत. औषधांचेही तसेच. रुंद अंगाच्या विमानात सामान भरूनही टनावारी माल राहतो, आणि काही मार्गांचा तोटा-नफा या कप्प्यातच ठरतो. अरुंद विमान इंधन वाचवते, पण ही कमाई सोडून देते.

ताफा आणि पैसा

एका जातीची विमाने ठेवली तर वैमानिक, सुटे भाग आणि तंत्रज्ञ सगळे अदलाबदलीचे होतात. इंडिगोने हे तत्त्व बहुतांशी पाळले. २००५ मध्ये एअरबसची १०० अरुंद ए३२० आणि जून २०२३ मध्ये त्याच घराण्याची आणखी ५००. पण अरुंद विमानाच्या पल्ल्याबाहेर जायचे तर ही शिस्त मोडावी लागते. इंडिगोने ती एकदम मोडली नाही. आधी इस्तंबूलसाठी टर्किश एअरलाइन्सकडून ७७७ भाड्याने घेतले. एप्रिल २०२४ मध्ये ए३५०-९०० ची मागणी नोंदवली. ती येईपर्यंत नॉर्स अटलांटिककडून ७८७-९ भाड्याने आणून जुलै २०२५ मध्ये मुंबई–मँचेस्टर आणि मुंबई–अ‍ॅम्स्टरडॅम सुरू केले. स्वतःची विमाने येण्यापूर्वी मार्ग चाचपून घेण्याची ही पद्धत सावध आहे आणि योग्यही.

तिच्याशेजारी जेट एअरवेजची घाई ठेवून पाहावी. ७७७-३००ईआर हाती आल्यावर जेटने २००७ मध्ये ब्रसेल्सला तळ केला, जून २००८ मध्ये मुंबई–शांघाय–सॅन फ्रान्सिस्को सुरू केले आणि मंदीत, जानेवारी २००९ मध्ये, ते बंदही केले. मग तीच नवी विमाने इतर कंपन्यांना भाड्याने द्यावी लागली. एप्रिल २०१९ मध्ये जेटची उड्डाणे थांबली.

एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर केली : एअरबसची २५० आणि बोइंगची २२०. दोघांकडून घेतल्याने भावात घासाघीस होते आणि एकाचा कारखाना अडला तरी दुसऱ्याकडून विमाने येत राहतात. याच मागणीतले बोइंगचे ७७७एक्स मूळ वेळापत्रकाच्या कित्येक वर्षे मागे आहे. पहिली काही ए३५०-९०० मात्र लवकर मिळाली, कारण ती मुळात रशियाच्या एअरोफ्लोतसाठी होती आणि निर्बंधांमुळे मोकळी झाली. फिनएअरचा मार्ग ज्या घटनेने लांबला, तिनेच एअर इंडियाची प्रतीक्षा कमी केली.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणे सुरू झाली आणि मुंबईच्या स्लॉटच्या कोंडीला पहिल्यांदा वाट मिळाली. तिथे नव्या कोड्याचीही सुरुवात झाली आहे. नागपूरहून आलेला प्रवासी नवी मुंबईत उतरला आणि त्याचे लंडनचे विमान सहारहून असले, तर त्याला सामानासकट खाडी ओलांडून जावे लागेल. जोडउड्डाणांवर भरणारी मोठी विमाने कोणत्या विमानतळावर ठेवायची, हे प्रत्येक कंपनीला आता ठरवायचे आहे.