हौशी विमानबांधणीतील पत्रेकामाची पूर्वतयारी

घरी किंवा गॅरेजमध्ये बांधल्या जाणाऱ्या धातूच्या विमानात ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने कायमचे जोडण्याआधी भोके अंतिम मापाची करणे, कडा साफ करणे, डिंपल (रिव्हेटचे डोके बसण्यासाठी भोकाभोवतीचा खळगा) पाडणे आणि गंजरोधक लेप देणे ही कामे करावी लागतात. अमेरिकेत हौशी बांधणीचे विमान म्हणून उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळण्यासाठी निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी स्वतः, शिकण्यासाठी वा छंद म्हणून केलेले असावे लागते. ओरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या आरव्ही मालिकेतील विमानांच्या जोडणी-संचांचे बरेच भाग कापून, वाकवून आणि भोके पाडून येत असले, तरी ही तयारी बांधणाऱ्यालाच करावी लागते. रिव्हेट ठोकायला काही सेकंद पुरतात. सांधा किती वर्षे टिकेल हे बरेचसे भोकाच्या कडेवर ठरते.

विमानाच्या बाह्यावरणासाठी प्रामुख्याने २०२४-टी३ हा मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे ४ टक्के तांबे असते. तांब्यामुळे मजबुती येते, पण गंजण्याचा धोकाही वाढतो. म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि अशा पत्र्याला अल्क्लॅड म्हणतात. खोल ओरखडा हा थर भेदतो आणि ताण एका रेषेवर एकवटतो. त्यामुळे खुणा सुईने कोरत नाहीत, मार्करने करतात. शिसपेन्सिलही वर्ज्य आहे, कारण ओलावा लागला की तिच्यातील ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजते.

प्रथम सर्व भाग क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी तात्पुरते एकत्र बांधतात. ३/३२ इंच रिव्हेटसाठी रुपेरी आणि १/८ इंचासाठी तांबूस क्लेको असतो. याच अवस्थेत भोके एकमेकांशी जुळवून अंतिम मापाची करतात व नंतर सगळी जोडणी पुन्हा उकलतात. हे उकलणे नवशिक्याला वाया गेलेले श्रम वाटतात, पण दोन पत्र्यांच्या मध्ये उठलेली बर (भोक पाडताना कडेला राहणारी धारदार कंगोर) आणि अडकलेला चुरा काढण्याचा दुसरा मार्ग नाही. बर काढताना हत्यार बोटांनी हलकेच एकदोनदा फिरवणे पुरते. जास्त फिरवल्यास भोकाची कड खोलगट व पातळ होते. पत्र्याच्या बाहेरील कडा कानशीने व घासणीच्या चाकाने इतक्या गुळगुळीत करतात, की नख फिरवले तरी कुठे अडत नाही.

रिव्हेटचे डोके पृष्ठभागाशी समतल बसावे म्हणून ०.०३२ इंच किंवा त्याहून पातळ पत्र्याला १०० अंशांच्या साच्यात दाबून डिंपल पाडतात. या दाबाने भोकाची कड ताणली जाते आणि तिथे खाच राहिली असेल, तर तिथूनच भेग सुरू होते. २०२३ मध्ये व्हॅन्सच्या लेझरने कापलेल्या काही भागांत डिंपल पाडल्यावर अशा भेगा आढळल्या. लेझरचा झोत भोकाच्या परिघावर जिथे सुरू होऊन संपतो, तिथे बारीक खाच राहत होती. कंपनीला मोठ्या संख्येने भाग बदलून द्यावे लागले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरी कायद्याखाली पुनर्रचनेसाठी अर्ज केला.

शेवटी तेलकटपणा काढून, पृष्ठभाग किंचित खरबरीत करून प्रायमर हा गंजरोधक लेप देतात. अल्क्लॅडला तो हवाच का, यावर बांधणाऱ्यांत एकमत नाही, कारण प्रायमरने वजन वाढते. मात्र समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या विमानासाठी तो टाळू नये. निदान एकमेकांवर टेकणाऱ्या पृष्ठभागांना तरी तो द्यावा, कारण रिव्हेट बसल्यावर तिथे कुंचला पोहोचत नाही.