पॉपओव्हर

पॉपओव्हर : अंडी, दूध व मैदा यांच्या पातळ मिश्रणापासून भाजून केलेला, आतून पोकळ आणि वरून कुरकुरीत असा अमेरिकन खाद्यपदार्थ. मफिनप्रमाणे (छोट्या केकसारख्या पावाप्रमाणे) तो साच्याच्या वाटीत भाजतात. मात्र मफिनला लागणारी बेकिंग पावडर यात नसते.

नाव इंग्रजी ‘पॉप’ (एकदम उसळणे) व ‘ओव्हर’ (वरून, काठाबाहेर) यांच्या जोडणीतून आले. भाजताना मिश्रण साच्याचा काठ ओलांडून वर येते, त्यावरून ते पडले असावे. शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १८५० मधील एका पत्रात आहे. पाककृतींच्या पुस्तकांत तो १८७६ च्या सुमारास दिसू लागतो.

पदार्थाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मांसाच्या गळत्या चरबीत भाजलेले पुडिंग इंग्लंडमध्ये १७३७ मध्ये नोंदलेले असून, इंग्रज पाककृतिलेखिका हॅना ग्लास यांनी १७४७ मध्ये त्याला ‘यॉर्कशर पुडिंग’ या नावाने पुस्तकात स्थान दिले. पॉपओव्हर हे त्याचेच अमेरिकन रूप, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अमेरिकेतील मेन राज्यातून ओरेगन राज्यातील पोर्टलंडला गेलेल्या वसाहतकारांनी हे रूपांतर केले, अशीही एक कथा आहे. परंतु त्या गावाला नावच १८४५ च्या सुमारास मिळाले आणि ‘पॉपओव्हर’ हा शब्द १८५० मध्येच आढळतो, हे पाहता ती मान्य करणे कठीण आहे. अमेरिकन पाककृतिलेखक जेम्स बीयर्ड यांनी यॉर्कशर पुडिंगशी असलेले साम्य केवळ योगायोगाचे मानले. तथापि दोन्हींचे घटक व फुगण्याची रीत इतकी सारखी आहे की पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. चरबीची जागा लोण्याने घेतली, हा मुख्य फरक.

अमेरिकन पाककृतिलेखिका फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या कृतीत १ कप मैद्याला २ अंडी व पाऊण कपाहून थोडे अधिक दूध आहे. मिश्रण २ मिनिटे फेटून, लोणी लावलेल्या कडकडीत तापल्या लोखंडी साच्यांत ओतायचे आणि कडक आचेच्या भट्टीत ३० ते ३५ मिनिटे भाजायचे. भाकरीचा पापुद्रा सुटतो तसे येथेही काम वाफेचेच. मिश्रणातील पाण्याची वाफ आतून रेटा देते, तोवर अंड्यातील प्रथिने व मैद्यातील ग्लूटेन (चिवट प्रथिन) यांचे कवच बाहेरून घट्ट होते. कवच धरण्यापूर्वी भट्टीचे दार उघडल्यास पॉपओव्हर बसतो. भाजून झाल्यावर टोचून वाफ काढली नाही, तर आतला ओलावा कवच मऊ करतो.

मेनमधील अकेडिया राष्ट्रीय उद्यानातले जॉर्डन पाँड हाउस पॉपओव्हर आणि मुरंब्यासाठी प्रसिद्ध आहे. जर्मनीतील श्वाबेन प्रदेशात ‘फित्साउफ’ हा जवळचा पदार्थ होतो.