घराला शिकवतं कोण? भिंतीवरचं बटण

परवा एका बैठकीच्या खोलीत एकटीच वाचत बसले होते. दहाएक मिनिटांत दिवे गेले. हात हलवला, आले. पुन्हा वाचनात गुंतले, पुन्हा अंधार. बाहेर पाटी लावलेली होती : 'कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी इमारत'. ही पाटी चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे समजून घेण्यात खरी गंमत आहे.

छतावरची ती पांढरी, खवल्याखवल्यांची छोटी घुमटी म्हणजे पीआयआर सेन्सर, शरीराच्या उबेवरून हालचाल ओळखणारं यंत्र. आपली त्वचा साधारण 33-34 अंश सेल्सियसला असते. एवढ्या उबदार वस्तूतून जे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, बाहेर पडतात, त्यांचा जोर साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असतो. सेन्सरच्या आत एक स्फटिकासारखा पदार्थ असतो. त्याचं तापमान बदललं की त्यावर विद्युतभार येतो. नुसती ऊब पुरत नाही, ती बदलावी लागते. शिवाय त्याचे दोन भाग एकमेकांच्या उलट जोडलेले असतात, म्हणून दोन्हींवर सारखीच ऊब पडली तर बेरीज शून्य. घुमटीवरचा प्रत्येक खवला हे एक छोटं भिंग असतं आणि ही भिंगं मिळून खोलीचे पट्टे पाडतात. तुम्ही एक पट्टा ओलांडलात की ऊब आधी एका भागावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि तारेत एक ठोका उमटतो. स्थिर बसलेला माणूस या यंत्राच्या लेखी तिथे नसतोच. उलट हीटरचा गरम झोत त्याला कधीकधी माणूस वाटतो. रिकाम्या घरात मध्यरात्री दिवा लागला म्हणून भुताची गोष्ट रचण्याआधी हा झोत कुठून कुठे जातो ते पाहावं.

हे सगळं सुंदर आहे, पण यात शिकणं कुठेच नाही. हजाराव्या दिवशीही ते यंत्र पहिल्या दिवसाइतकंच जाणतं.

शिकणारं घर कसं असतं हे मायकेल मोझर या संगणकशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे स्वतःच्याच घरात करून पाहिलं. घरात 75 हून अधिक सेन्सर होते : उजेड, आवाज, हालचाल, तापमान, दारं-खिडक्या. पण मला भुरळ घातली ती घराच्या शिकण्याच्या पद्धतीने. मोझर यांनी घराला आपल्या आवडीनिवडींची यादी दिली नाही. ते नेहमीसारखे राहिले, दिव्याचं बटण नेहमीसारखं दाबत राहिले. त्यांनी बटणाला हात लावला, म्हणजे घराचा अंदाज चुकला.

घरासमोर दोन खर्च होते : विजेचा आणि माणसाच्या गैरसोयीचा. दोन्ही एकाच चलनात मोजायचे आणि बेरीज कमीत कमी ठेवायची. समजा, संध्याकाळची वेळ आहे आणि कुणीतरी खुर्चीत बसलंय. दिवा उजेडाच्या आठव्या पायरीवर ठेवला तर एकूण खर्च 6 येईल, असा घराचा आजवरचा अंदाज आहे. आज दिवा तिथे ठेवला, कुणी बटणाला हात लावला नाही, वीज 2 ची गेली. अंदाज आणि अनुभव यांत 4 चा फरक. घर एकदम 6 वरून 2 वर उडी मारत नाही. फरकाचा दहावा भाग तेवढा घेतं आणि अंदाज 5.6 करतं. उद्या त्याच पायरीवर माणूस उठून दिवा वाढवतो. वीज 2, गैरसोय 10, एकूण 12. फरक 6.4, त्याचा दहावा भाग 0.64, नवा अंदाज 6.24. प्रत्येक पायरीचा असा हिशेब, आणि तोही प्रत्येक परिस्थितीसाठी वेगळा. (हे आकडे माझे आहेत, रीत खरी आहे.)

आता अवघड भाग. दिवा बंद केल्याची शिक्षा लगेच मिळत नाही, माणूस चिडतो तो थोड्या वेळाने. मग दोष कुठल्या निर्णयाला द्यायचा? उत्तर असं, की आताच्या खर्चात पुढच्या परिस्थितीचा अंदाजही मिळवायचा, थोडा घटवून. 0.9 ने घटवला तर शेवटी बसलेला 10 चा फटका एक निर्णय मागे 9 म्हणून पोचतो, आणखी मागे 8.1 म्हणून. हे पुरेशा वेळा झालं की घराला चूक घडण्याआधीच तिची किंमत दिसू लागते.

आणि घर मुद्दाम परीक्षाही घेतं. नेहमी सुरक्षित पायरीवरच दिवा ठेवला तर कमी उजेड चालतो का, हे कधी कळणारच नाही. म्हणून अधूनमधून ते दिवा थोडा मंद करून पाहतं. तक्रार आली नाही, तर तेवढा उजेड पुरतो अशी नोंद होते.

दिव्यांना आज्ञा घरातल्या विजेच्या तारांमधूनच जात आणि ती व्यवस्था संथ होती. त्यामुळे माणूस आत आल्यावर दिवा लावणं म्हणजे उशीर. म्हणून पुढच्या दोन सेकंदांत कुठल्या खोलीत कुणी शिरेल, याचं भाकीत एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना, करत असे. बरोबर की चूक, हे दोन सेकंदांनी तिथला सेन्सरच सांगे. वेगळा शिक्षक लागलाच नाही.

2002 मध्ये स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय प्रदर्शनात, न्यूशातेल इथे, 'अदा' नावाची एक खोली होती. झुरिचच्या मेंदू-संशोधकांनी ती बांधली होती. जमिनीच्या षट्कोनी फरशा माणसाचं वजन ओळखून उजळत. अदा एखाद्याच्या पुढची फरशी पेटवून पाही : हा मागे येतो का? येणाऱ्याशी ती पुढे खेळे. इथेही तेच, आधी खडा टाकायचा आणि प्रतिसाद मोजायचा.

अलीकडे 'इमारत तुमचा चेहरा पाहून मूड ओळखेल' असे दावे होतात. 2019 मध्ये मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी अशा संशोधनाचा मोठा आढावा घेतला. नुसत्या चेहऱ्याच्या हालचालीवरून भावना खात्रीने सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. रागावलेला प्रत्येक माणूस कपाळाला आठ्या घालत नाही आणि आठ्या घालणारा प्रत्येक जण रागावलेला नसतो. कुणी आठ्या घातल्या एवढंच कॅमेऱ्याला दिसतं. कुणी दिवा वाढवला, हे त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट उत्तर आहे.

म्हणूनच नव्या इमारतींतून भिंतीवरची बटणं काढून टाकतात तेव्हा मला काळजी वाटते. अशा हिशेबात शांतता म्हणजे समाधान. तीस जणांच्या खोलीत ज्याच्या हाताशी बटण आहे, त्याचंच मत नोंदलं जातं. कोपऱ्यात अंधारात डोळे ताणून काम करणारी व्यक्ती खूश आहे असं धरलं जातं. आणि बटणच नसेल, तर गैरसोयीच्या रकान्यात कायम शून्य. अशी इमारत रोज थोडा उजेड कमी करत जाईल आणि आपण बरोबर शिकतोय असंच तिचं गणित तिला सांगत राहील.