सोसायटीच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते आणि गाडी अडते कुठे

गाडी बुक करताना शोरूमवाला सांगतो, "चार्जर आमचा माणूस येऊन बसवून देईल, काळजी नको." माणूस येतो, खोका उघडतो आणि विचारतो, "पॉइंट कुठाय?" तोपर्यंत कोणी पॉइंटचा विचारच केलेला नसतो. चार्जर भिंतीला टांगणं हे त्याचं काम. भिंतीपर्यंत वीज आणायची, तीही परवानगीने, हे आपलं. त्यामुळे खालची सगळी कागदपत्रं गाडी बुक करायच्या आधी हातात घ्यावीत, असं माझं मत आहे. हे मत अनुभवातून आलंय. गाडी दारात आल्यावर मी महिनाभर दुसरीकडे चार्जिंग शोधत फिरत होतो.

बंगला असेल आणि वीजबिल स्वतःच्या नावावर असेल, तर तुमचं काम बरंच सोपं आहे. मंजूर भाराचा भाग वाचा, बाकी सोडा. पुढचं लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या सोसायटीत राहणाऱ्यांसाठी.

परवाना लागतो का?

नाही. स्वतःची गाडी घरच्या सध्याच्या वीजजोडणीवर चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे चार्जिंग स्टेशन चालवणाऱ्यालाही वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, असा खुलासा मंत्रालयाने २०१८ मध्येच केला होता. "सोसायटीने सभासदांकडून चार्जिंगचे पैसे घेतले तर वीज विकल्याचा गुन्हा होईल" अशी भीती कमिटीत कोणी घातली, तर हा खुलासा दाखवा.

वीज कुठून घ्यायची?

पहिला रस्ता म्हणजे आपलं घरचं मीटर. आपल्याकडे बहुतेक इमारतींची मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये असतात. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या घरातून केबल खाली सोडायची गरज नसते. मीटरच्या पुढून एक वेगळी लाइन काढून पार्किंगपर्यंत नेली की झालं. राज्याचे वीजदर ठरवणाऱ्या वीज आयोगाच्या आदेशांनुसार स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली, तर त्या जागेचाच, म्हणजे घरगुती दर लागतो.

इथे एक मेख आहे. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो. महिन्याला १,२०० किलोमीटर गाडी चालली आणि युनिटला सात किलोमीटर धरले, तर १७० युनिट नुसते गाडीचे. घरचा वापर आधीच २५० असेल, तर गाडीची बरीचशी वीज तिसऱ्या टप्प्याच्या दराने पडते.

म्हणून दुसरा रस्ता: ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी. तिला दराचा वेगळा वर्ग आहे, तिथे घरगुती टप्पे नाहीत. ग्राहकाला अशी वेगळी जोडणी मागता येते, ही तरतूद वीजग्राहकांच्या हक्कांच्या २०२० च्या नियमांत २०२४ च्या दुरुस्तीने आली. मात्र गाडी महिनाभर उभी राहिली तरी त्या मीटरचा स्थिर आकार येतच राहतो. रोजचं फिरणं वीस-पंचवीस किलोमीटर असेल आणि घरचा वापर कमी असेल, तर मी तरी दुसऱ्या मीटरच्या भानगडीत पडणार नाही.

तिसरा रस्ता म्हणजे सोसायटीचाच सामायिक पॉइंट, त्यावर कोणी किती वीज घेतली हे मोजणारं सबमीटर. पाहुण्यांच्या पार्किंगसाठी बरा. रोजच्या वापराला मात्र रात्री अकरा वाजता लिफ्टमधून खाली उतरून दुसऱ्याची गाडी हलवायला सांगावं लागतं.

मंजूर भार

बिलावर "मंजूर भार" असा रकाना असतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची मुभा आहे ते. तिथला आकडा पाहा. गाडीबरोबर येणारा ३.३ किलोवॉटचा चार्जर साधारण १४-१५ अँपिअर ओढतो. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा ३१ च्या वर. मंजूर भार ३ किलोवॉट असलेल्या घरात दोन एसी, एक गीझर आणि त्यावर हा चार्जर, हे गणित बसत नाही. भारवाढीचा अर्ज करावाच लागेल आणि ७.२ साठी बहुधा थ्री फेज, म्हणजे जास्त भार पेलणारी तीन फेजची जोडणी. ४० युनिटची बॅटरी ३.३ वर रिकामीपासून भरायला बारा तासांच्या वर लागतात, हे खरं. पण रोज ती रिकामी होते कुठे? रात्रीतून सहा-सात तास मिळाले की शहरातल्या माणसाला पुरतं.

कोण अर्ज करू शकतो?

वीजबिल ज्याच्या नावावर, तो. फ्लॅट घेऊन दहा वर्षं झाली आणि बिल अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, अशी घरं कमी नाहीत. त्यांनी आधी नावबदल करून घ्यावा. थकबाकी नसावी. भाडेकरू असाल तर घरमालकाचं संमतिपत्र आणि भाडेकरार लागेल.

जास्त माणसं अडतात ती पार्किंगच्या हक्कावर. शेअर सर्टिफिकेटवर पार्किंगचा उल्लेख नसतो, इंडेक्स टूवरही (फ्लॅटच्या नोंदणीचा सरकारी उतारा) बहुतेकदा नसतो. उघडं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं. ती जागा सोसायटीची, आपल्याला फक्त वाटप. म्हणून बिल्डरची पावती पुढे करू नका, सोसायटीकडून पार्किंग क्रमांकासह वाटपपत्र घ्या. जिथे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंग बदलतं, तिथे ईव्हीवाल्यांच्या जागा कायम ठेवायचा ठराव आधी व्हायला हवा. नाहीतर केबल एका खांबाला आणि गाडी दुसऱ्या.

कागदपत्रं

- ताजं वीजबिल, ग्राहक क्रमांकासह
- ओळखपत्र
- मालकीचा पुरावा: इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट किंवा मालमत्ता कराची पावती
- पार्किंगचं वाटपपत्र
- सोसायटीचा ना हरकत दाखला
- परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला
- गाडीची आरसी. ती आली नसेल तर बुकिंगची पावती जवळ असू द्या

ना हरकत दाखला

माझा पहिला अर्ज तीन ओळींचा होता: "मला चार्जर बसवायचा आहे, कृपया परवानगी द्यावी." तो दोन मीटिंगा तसाच पडून राहिला. सेक्रेटरींनी एकच विचारलं, "आज तुम्हाला दिलं, उद्या बारा जण आले तर?" तेव्हा राग आला होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता. ७.२ किलोवॉटचे बारा चार्जर एकदम लागले तर ८६ किलोवॉट होतात. जुन्या इमारतीची मुख्य केबल त्याला पुरेल का, हे विचारायलाच हवं. ३.३ चे बारा असतील तर चाळीसच्या आत बसतात.

दुसऱ्या अर्जात मी सगळं लिहिलं: पार्किंग क्रमांक, चार्जर किती किलोवॉटचा, मीटर रूमपासून खांबापर्यंत केबल कुठून जाणार आणि किती मीटर, खर्च पूर्ण माझा, काम परवानाधारक ठेकेदाराकडून, आणि फ्लॅट विकला तर केबल काढून भिंत पूर्ववत करून देईन. सोबत हाताने काढलेला नकाशा. दाखला पुढच्याच मीटिंगला मिळाला. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. कमिटी गप्पच राहिली, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करताना हीच पोच लागते.

वीज कंपनीकडे

महावितरणच्या भागात भारवाढ किंवा नवीन जोडणी, दोन्हीचे अर्ज संकेतस्थळावर किंवा ॲपवर होतात. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, ज्याचं मीटर त्याच्याकडे. नंतर जागेची पाहणी होते, रकमेचं कोटेशन येतं, ते भरलं की मीटर. २०२४ च्या दुरुस्तीनुसार नवीन जोडणीची मुदत महानगरात तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस आहे. पण हे दिवस मोजायचे ते पूर्ण अर्ज पोहोचल्यापासून. एक कागद कमी असला तर मोजणी सुरूच होत नाही. मुदत उलटली तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालांकडे जाता येतं.

केबल आणि अर्थिंग

इथे पैसे वाचवू नयेत. ५० मीटर लांब, ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमधून ३२ अँपिअर गेले, तर वाटेतच जवळपास १० व्होल्ट पडतात. तीच केबल १० स्क्वेअर एमएमची घेतली तर सहाच्या आसपास. लाइनवर स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. चार्जर आयएस १७०१७ या भारतीय मानकाचा आहे का, तेही विचारा.

आणि अर्थिंग. सगळं जोडून झालं, ठेकेदाराने बटण दाबलं आणि आमच्या चार्जरवर लाल दिवा लागला. चार्जर बदलून पाहिला, तरी लाल. शेवटी मीटर रूममधला अर्थिंगचा खड्डा उघडला. पट्टी गंजून तुटलेली, खड्डा कोरडा ठणठणीत. इतकी वर्षं सगळी इमारत त्याच अर्थिंगवर गीझर चालवत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. गाडीच्या चार्जरने मात्र वीज घ्यायलाच नकार दिला. नवं अर्थिंग झालं, त्याचा खर्च सोसायटीने उचलला. टेस्ट रिपोर्टवर सही घेण्याआधी अर्थिंगचं रीडिंग आपल्यासमोर घ्यायला लावा आणि रिपोर्टची एक प्रत स्वतःकडे ठेवा.