रानडुक्कर, गलबत आणि दहावी लीजन

नाणं इतकं झिजलेलं की राजा कुठला, शहर कुठलं, काही पत्ता लागत नाही. अंगठा फिरवला तर नुसती गुळगुळीत चकती. मात्र एका बाजूला नखाएवढा चौकोनी खळगा आहे आणि त्यात रोमन अक्षरं अजून टोकदार उभी आहेत: एल, एक्स, एफ. बाजूला दुसरा ठसा, त्यात रानडुक्कर आणि डॉल्फिन. नाणं मुकं झालंय, बोलतो तो ठसा.

टांकसाळीत पाडलेल्या, बाजारात फिरून आलेल्या नाण्यावर हातोड्याने पुन्हा ठोकलेली ही खूण. एल म्हणजे लीजन, रोमन सैन्याची मोठी तुकडी; एक्स म्हणजे दहा, एफ म्हणजे फ्रेटेन्सिस. लॅटिनमध्ये ‘फ्रेटुम’ म्हणजे सामुद्रधुनी. सिसिलीजवळच्या सागरी मोहिमेवरून हे नाव पडलं असं मानतात. म्हणून या पायदळाच्या चिन्हांत डॉल्फिन आणि गलबत. इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेम पाडलं आणि राखणीला याच दहाव्या लीजनला तिथे ठेवलं.

पण एलएक्सएफचा अर्थ हाच, हे कशावरून? कौलांवरून! सैन्याच्या भट्ट्यांत भाजलेली कौलं आणि विटा जेरुसलेममध्ये सापडल्या आहेत. त्यांवर लीजनचं नाव जास्त सविस्तर आहे आणि सोबत तेच रानडुक्कर, तेच गलबत. नाण्यावरचं अर्धवट कोडं छपरावरच्या कौलाने सोडवलं, हा मला या साऱ्या विषयातला सर्वात सुंदर पुरावा वाटतो.

ठसे मारायचेच कशाला? प्रांतातली ब्राँझची नाणी शहराशहरांची वेगळी. अस्कलॉनचं, सेबास्तेचं झिजकं नाणं सैनिकाच्या हाती आलं, तर दारूवाल्याने ते घ्यावं का? लीजनचा शिक्का बसला की ते छावणीच्या परिसरात चालू. सुट्ट्या पैशांची तंगी यावरचा हा स्वस्त तोडगा असावा, असं बरेच अभ्यासक म्हणतात.

ओळख पटवायची तर दिवा डोक्यावर नको, बाजूला आणि खाली हवा. तिरप्या उजेडात खळग्याच्या कडा सावली टाकतात आणि अक्षरं वर येतात. मग नाणं उलटं करायचं. हातोड्याच्या घावाने ठशाच्या बरोबर मागचा भाग बऱ्याचदा चपटा झालेला असतो. नाणं झिजलेलं पण ठसा ताजा असेल, तर ठसा पडेपर्यंत नाणं बरंच फिरलेलं होतं. दोन ठसे एकमेकांवर चढले असतील तर वरचा नंतरचा, हे सांगायला नकोच.

फसगत इथेच होते. एक्स दिसला की दहावी लीजन असं नसतं. पूर्वेकडच्या शहरांत ग्रीक चाले आणि ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे असतात. एकटं अक्षर किमतीचंही असू शकतं. देवाचं मुंडकं, फुली, तारा हे ठसे शहरांनीही मारले. लीजनचा आकडा, नाव किंवा तिचं खास चिन्ह यातलं किमान काहीतरी जुळल्याशिवाय ‘लष्करी’ म्हणू नये. हौशी संग्राहकांना हा संयम जड जातो.

कधी ठसा थेट तारीखच देतो. जर्मनीत काल्क्रिझ इथे सापडलेल्या काही ब्राँझ नाण्यांवर व्ही, ए, आर ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत: रोमन सेनापती वारुस. तो जर्मनीत इ.स. 7 ते 9 एवढाच होता. नंतर तीन लीजनांसकट संपला. म्हणजे तिथे पडलेला ठसा या दोन-तीन वर्षांतलाच.

अख्खं नाणं नव्याने पाडणं ही वेगळी गोष्ट. ज्यूंचा नेता बार कोखबा याने इ.स. 132 च्या बंडात रोमन नाण्यांवर आपला छाप असाच पाडला आणि नाशिकजवळच्या जोगलटेंभीच्या ठेव्यात गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर उमटवलेला छापही त्याच जातीचा. तिथे जुना राजा पुसायचा असतो. लीजनला राजा पुसायचा नव्हता, नाणं चालवायचं होतं.

आता बाजारात खोटे ठसेही आहेत. जुन्या चकतीवर आज खूण ठोकणं अवघड नाही. भिंग लावून खळग्याचा तळ बघायचा: बाहेरचा जुना हिरवा-तपकिरी थर आतही तसाच उतरला आहे का, की तिथे धातू नुकताच सोलल्यासारखा उघडा पडलाय?