गावठी वैद्य नोंदणीबाहेर कसे राहिले

गोव्यात धारगळला २०२२ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची आयुर्वेद संस्था सुरू झाली. तिथे पदवीधर वैद्य आहेत. सत्तरी, सांगे, काणकोणात पिढ्यान्‌पिढ्या गावठी वखद (औषध) देणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याची मुळं अलीकडच्या कायद्यांत आहेत.

पोर्तुगिजांचं धोरणही दुटप्पीच होतं. इथल्या औषधींवरचा मोठा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, त्यात हिंदू वैद्याचं पात्रही आहे. पण १६१८ मध्ये नगरसभेनं परीक्षेची अट घातली आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसवर बांधली. १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा निघाली.

खरी कोंडी १९७० च्या केंद्रीय कायद्यानंतर झाली. भारतीय वैद्यकाचा व्यवसाय पदवी आणि नोंदणीशी जोडला गेला. जुन्यांना काही सवलत होती, पुढच्या पिढीला नाही. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या पारंपरिक वैद्यांच्या प्रकरणात हेच पक्कं केलं: मान्य पात्रतेशिवाय व्यवसाय करता येणार नाही. रुग्णाच्या जिवाची काळजी रास्तच आहे. बोगस डॉक्टरांनी माणसं मारली आहेत. पण आजोबांकडून हाड बसवायला शिकलेला आणि भाड्याच्या खोलीत सलाईन लावणारा, दोघे एकाच रांगेत उभे राहिले, हे मला अन्यायाचं वाटतं.

त्याहून गुंतागुंत झाली ती जैवविविधता कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनं. ‘संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान’ वापरणाऱ्यांना लाभवाटपातून, म्हणजे ज्ञान जपणाऱ्यांना फायद्यातला वाटा देण्यातून, सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या ग्रंथांत असलेलं. आता कुड्याचंच बघा. पोट बिघडलं की मुळाची साल सहाणेवर उगाळून ताकातून देतात, हे गावात कुणालाही माहीत असतं. कडू इतकं की पोरं तोंड फिरवतात. तोच कुडा ग्रंथांत ‘कुटज’ म्हणून आहे, आणि बाजारात कुटजारिष्ट म्हणून बाटलीत. मग हे ज्ञान गावाचं की ग्रंथाचं?

गावठी औषधांची माहिती लोकजैवविविधता नोंदवह्यांत उतरवून घेण्याची तरतूद आहे. पण त्या वहीत लिहिलेलं ‘संहिताबद्ध’च्या व्याख्येत बसत नाही. जे फक्त गावालाच ठाऊक आहे, त्याच्यावर वाटा मागता येईल. कुड्यासारखं जे दोन्हीकडे आहे, तिथे कंपनीनं ग्रंथाचा आधार दाखवला की गावाच्या जैवविविधता समितीला मागायला फारसं काही उरत नाही.