भोकापेक्षा लहान विषाणू फिल्टरमध्ये अडकतो कसा?

‘करोनाचा विषाणू 0.1 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि हवेच्या फिल्टरची भोकं त्याहून कितीतरी मोठी. मग डास अडवायला तारेचं कुंपण घालून काय उपयोग?’ हा युक्तिवाद 2020 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. चांगली शिकलेली माणसंही तो ठासून मांडतात. तो साफ चूक आहे, आणि या चुकीची किंमत लाँग कोविडचे, म्हणजे संसर्गानंतर महिनोन्महिने त्रास टिकणारे, रुग्ण मोजत आहेत.

या आजाराला जगासमोर आणलं तेही रुग्णांनीच. सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो असं सगळीकडे सांगितलं जात होतं, तेव्हा मे 2020 मध्ये इटलीच्या लोम्बार्डी भागातल्या एलिसा पेरेगो या पुरातत्त्वज्ञ स्वतःचा लांबलेला आजार ‘लाँग कोविड’ या हॅशटॅगखाली लिहू लागल्या. ‘पेशंट-लेड रिसर्च कोलॅबोरेटिव्ह’ या रुग्ण-संशोधकांच्या गटाने 56 देशांतल्या 3,762 जणांची पाहणी केली. ती 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 203 लक्षणं नोंदली गेली. सुमारे 45 टक्के लोकांना काम कमी करावं लागलं होतं आणि आणखी 22 टक्के आजारपणामुळे काम करतच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या त्यानंतर, ऑक्टोबर 2021 मध्ये आली.

पुन्हा संसर्ग झाला तर सावरत आलेली तब्येत परत ढासळू शकते. म्हणून शाळा, दवाखाने, कचेऱ्यांमधली हवा स्वच्छ करा, ही यातल्या अनेक रुग्णांची मागणी आहे. मार्च 2020 मध्ये ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेला त्याच वर्षी जुलैत 239 शास्त्रज्ञांनी पत्र लिहून हवेतल्या प्रसाराकडे लक्ष द्यायला सांगितलं. ते मान्य होईपर्यंत बराच काळ गेला, आणि तोवर आपण भाजीच्या जुड्या धूत बसलो.

आता फिल्टरकडे येऊ. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नाही. तो बारीक तंतूंचा आडवातिडवा गुंता असतो. हवा त्या तंतूंना वळसे घालत पुढे जाते. कण तंतूला एकदा टेकला की रेणूंमधल्या आकर्षणाने तिथेच चिकटतो. त्यामुळे कण भोकातून मावतो का, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. तो वाटेत तंतूला टेकतो का, एवढंच पाहायचं.

एक मायक्रॉनहून मोठे कण जड असतात. घाटातल्या वळणावर भरधाव आलेला ट्रक कठड्यावर जावा तसे ते हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि सरळ तंतूवर आदळतात. त्याहून थोडे लहान कण हवेबरोबर वळतात खरे, पण तंतूच्या फार जवळून जाताना त्यांची कड घासते आणि ते अडकतात. सगळ्यात सुंदर गोष्ट घडते ती 0.1 मायक्रॉन आणि त्याहून लहान कणांच्या बाबतीत. ते इतके हलके असतात की हवेचे रेणू त्यांना सतत धक्के देतात. शाळेत शिकलेली ब्राउनियन गती ती हीच. अशा कणाचा मार्ग सरळ राहतच नाही. तो इकडेतिकडे भरकटत जातो आणि तंतूला टेकण्याची शक्यता प्रचंड वाढते. कण जितका लहान तितका जास्त भरकटतो, तितका सहज सापडतो.

म्हणून निसटायला सगळ्यात सोयीचा आकार मधला, सुमारे 0.3 मायक्रॉनचा असतो. तो आदळण्याइतका जड नसतो आणि भरकटण्याइतका हलकाही नसतो. हेपा या उच्च दर्जाच्या फिल्टरने किमान 99.97 टक्के कण अडवायला हवेत, ही कसोटी नेमक्या याच आकारावर घेतात. लहान-मोठे बाकीचे कण त्याहून चांगले अडकतात. शिवाय विषाणू सुटा उडत नाही. तो क्षार आणि श्लेष्म्याच्या वाळलेल्या थेंबात बसून येतो, म्हणजे कण आणखी मोठा होतो.

पण हेपा नसेल तरी काम अडत नाही. 2020 मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी मर्व्ह-13 दर्जाचे (हेपापेक्षा खालच्या प्रतीचे) चार-पाच फिल्टर चिकटपट्टीने जोडून वर चौकोनी पंखा बसवला आणि स्वस्तात हवा शुद्ध करणारा खोका तयार केला. असा फिल्टर एका फेरीत काही बारीक कण सोडून देतो. पण खोलीत तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते, म्हणून ‘किती टक्के अडवतो’ गुणिले ‘ताशी किती हवा ओढतो’ हा गुणाकार महत्त्वाचा. निम्मे कण अडवून दुप्पट हवा ओढणारा फिल्टर सगळे कण अडवणाऱ्याच्या तोडीचा ठरतो. नोकरी गेलेल्या रुग्णासाठी हा हिशेब फार मोलाचा आहे.

कापूर, ऊद, लवंगांची धुरी ‘हवा शुद्ध करते’ असं सांगणाऱ्यांनी एकदा कण मोजणारं यंत्र जवळ ठेवावं. धूर म्हणजे 2.5 मायक्रॉनहून बारीक कणांचा लोटच. आधीच दमलेल्या फुप्फुसांना ती आणखी इजा आहे. ‘आयन सोडणाऱ्या’ यंत्रांच्या जाहिरातींनाही भुलू नका, त्यातली काही यंत्रं फुप्फुसांना त्रासदायक असा ओझोन वायू तयार करतात.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने मे 2023 मध्ये ताशी किमान पाच वेळा हवा बदलण्याएवढं शुद्धीकरण ठेवायला सांगितलं. 20 फूट लांब, 20 फूट रुंद, 10 फूट उंच वर्गखोली म्हणजे सुमारे 113 घनमीटर. पाचने गुणलं की ताशी 565 घनमीटर शुद्ध हवा लागते, त्यातला काही भाग उघड्या खिडक्या देतात. यंत्र घेताना हेपाचा शिक्का पाहून थांबू नका, हा घनमीटरचा आकडा विचारा. तो कोणत्या वेगावर मोजला तेही विचारा, कारण शिकवताना आवाज नको म्हणून वर्गात यंत्र बहुधा सगळ्यात कमी वेगावरच चालतं.